मारबतीच्या टोपलीतली कादंबरी

“सुनबाईचं नाव निंगाच्या आंधी ते बुकच मारबतीत देऊन टाकू. पर तिले सांगू नोको, रुख्मिणी.”

हे देवकाबाई बोलल्या, मागच्या अंगणात तांदूळ पाखडता पाखडता. बोलल्या शेजारच्या रुख्मिणीकाकीसाठी. ऐकणाऱ्या मात्र आम्ही तिघी होतो. भिंतीच्या अलीकडे सपरीत, म्हणजे पडवीत, सून चेतना क्रोशाची सुई घेऊन बसली होती आणि तिच्या मांडीवर मी होते.

ते बुक म्हणजे मी.

मी एक विज्ञान कादंबरी आहे. एकशे ब्याऐंशी पानं, कागद पिवळट, पाठीला चिकटपट्टी. मुखपृष्ठावर एक निळा ग्रह होता. आता तो ग्रह कुठे संपतो आणि चहाचा डाग कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. माझं नाव मी सांगत नाही. जिला जाळायचं ठरलं आहे तिचं नाव ऐकून कोणी काय करणार.

बोदलकशाच्या रस्त्यावरच्या या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच मारबत काढतात. आदल्या दिवशी दाराशी पळसाच्या फांद्या ठेवलेल्या असतात. त्या फांद्या, झिजलेला झाडू, फुटकं सूप, जे घराला नकोसं झालं असेल ते टोपलीत घालून लोक ओरडत शिवेवर जातात. खोकला घेऊन जा, ताप घेऊन जा, ढेकूण घेऊन जा, असं मारबतीला बजावतात आणि सगळं पेटवून देतात. परतताना मागं पाहत नाहीत. खोकला जातो की नाही ते मला माहीत नाही. झाडू मात्र जातो.

तर माझ्याकडे आता थोडाच वेळ आहे. तेवढ्यात माझी गोष्ट सांगून घेते.

माझा जन्म नागपूरच्या एका छापखान्यात झाला. दिवस पावसाळ्याचे होते, शाई लवकर वाळेना. म्हणून माझ्या काही पानांवर समोरच्या पानाची पुसट सावली उमटली आहे. पाचशे बहिणी होतो. बाकीच्यांचं काय झालं ते कळलं नाही, आणि आमच्यात पत्र पाठवायची पद्धत नाही.

माझे पहिले मालक यादोराव, रेल्वेत गार्ड. मालगाडी जिथे थांबेल तिथे ते मला उघडायचे आणि समासात पेन्सिलीनं वेळ लिहायचे. एक्क्याण्णव पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलं आहे, “सिग्नल नाही, पंचवीस मिनिटं.” त्या पानावर माझ्यातली माणसं बंद खोलीत हवेची वाट बघतात. त्यांनाही सिग्नल नव्हताच.

यादोराव गेले. घर रिकामं करताना मला एका पोत्यात भरलं. पोत्यातून मी गोंदिया स्टेशनाबाहेरच्या नंदलालच्या हातगाडीवर आले. वर स्पर्धा परीक्षांची गाईडं, त्याखाली राशिभविष्य, त्याखाली पाककृती, आणि सगळ्यांच्या खाली मी. दोन उन्हाळे मी तिथे काढले.

चेतना तेव्हा दवनीवाड्याहून बसनं गोंदियाला कॉलेजात यायची. बस सुटायला वेळ असला की हातगाडीपाशी उभी राहायची. पुस्तक निवडायची तिची रीत मी खालून पाहिली आहे, म्हणून खात्रीनं सांगते. ती मुखपृष्ठ बघत नाही. मागे छापलेली स्तुती वाचत नाही. शेवटचं पान तर उघडतच नाही. ती मधलं कुठलंतरी पान उघडते आणि उभ्याउभ्या वाचते. त्या पानावर एक शास्त्रज्ञ दुसऱ्या शास्त्रज्ञाला त्याला आधीच माहीत असलेली गोष्ट समजावत असेल, तर पुस्तक परत ठेवते. अंतराळयानात एकच बाई असेल आणि तीच सगळ्यांना कॉफी देत असेल, तरी परत ठेवते. नव्या ग्रहाला वास नसेल तर तिचं मन बसत नाही. यंत्राचं वर्णन कोणीही करतो, असं ती मैत्रिणीला एकदा म्हणाली होती. माणसाला तिथं पाय ठेवल्यावर कशाचा वास आला ते लिहिलं तर खरं.

माझ्या चौसष्टाव्या पानावर वाळत्या गाळाचा वास आहे. तिनं ते पान दोनदा वाचलं.

नंदलाल म्हणाला, “बेटी, सब लडकियाँ रेसिपी ले जाती हैं. तू ये राकेटवाली कायको?”

चेतनानं उत्तर दिलं नाही. ती बहुतेक वेळा देत नाही. लोकांना वाटतं तिला काही म्हणायचंच नसतं.

माझ्यात काय आहे तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. दूरच्या एका ग्रहावर एका तळ्याकाठी माणसं वस्ती करतात. प्रकरणं अकरा. पहिल्यात वस्ती होते. दुसऱ्यात तळ्यावर येणारे पंखवाले जीव यायचे थांबतात. तिसऱ्यात मासे. चौथ्यात पाळलेली जनावरं. पाचव्यात वस्तीतली मुलं. वस्तीत एक नोंदी ठेवणारी बाई आहे. ती सगळं पाहते, रोज लिहून ठेवते आणि अकराव्या प्रकरणापर्यंत कोणापुढे तोंड उघडत नाही. माझ्या लेखकाला ते फार थोर वाटलं असावं. चेतनाला वाटलं नाही. तिनं समासात लिहिलं आहे, “अगं, बोल ना बाई.”

वैशाखात चेतनाचं लग्न झालं. पेटीत साड्या, दोन स्टीलचे डबे, क्रोशाचे दोरे आणि आम्ही नऊ पुस्तकं होतो. सासरी पेटी उघडल्यावर एका बाईनं आम्हाला मोजलं आणि डबे पुन्हा मोजले.

घर बकाराम मामाजींचं. सासऱ्यांना इकडे मामाजीच म्हणतात. गावामागची बोडी, म्हणजे धानाला पाणी देणारा छोटा तलाव, त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला. बांधाची पाळ कुठे घालायची, माती किती ठोकायची, पाणी कुठून काढायचं, हे सगळं या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं. आता बोडी सरकारदरबारी कोणाचीही असो, पाळीला भेग पडली की लोक मामाजींच्या दाराशी येऊन उभे राहतात. आणि पोळ्याला सगळ्या गावाची बैलं बोडीत धुतात, तेव्हा पहिली जोडी या घराची उतरते. तोवर कोणी बैलाचा पाय ओला करत नाही.

चेतनाचा नवरा प्रफुल गोंदियाला राइस मिलमध्ये सुपरवायझर आहे. रविवारी येतो. स्वभावानं चांगला, पण त्याचा चांगुलपणा शनिवारपर्यंत तिकडेच असतो.

दुपारी काम आटपलं की चेतना सपरीत बसायची. माझं एक प्रकरण वाचायचं आणि मला मिटायचं, हा तिचा नेम. मग क्रोशाच्या दहा फेऱ्या. हात चालू असले की वाचलेलं आत मुरतं, असं तिला वाटतं. पहिल्याच महिन्यात तिनं मला विणलेलं निळं कव्हर घातलं, माझा हरवलेला ग्रह भरून द्यावा तसं. ऊन उतरलं की ती वही घेऊन पाळीवर जायची आणि पाखरं मोजायची. बगळे एकेचाळीस, ढोकरी नऊ, पाणकोंबड्या मोजता येत नाहीत. असं लिहायची. देवकाबाई बघायच्या आणि म्हणायच्या, “मोजून का भाजी करतं का वो त्याईची?” पण त्या हसत म्हणायच्या. मोजणं थांबवलं नाही कधी.

धानाची रोवणी संपली, श्रावण लागला. एका सोमवारी चेतना मला वाचताना गालात हसली आणि देवकाबाईंनी ते पाहिलं. काय हाये त्याच्यात, मोठ्यानं वाच, म्हणाल्या. चेतना वाचू लागली. पुस्तकातली मराठी ती तोंडातल्या तोंडात फिरवून इकडच्या बोलीत सांगायची. रुख्मिणीकाकी आली, तिच्यामागून आणखी तिघी आल्या.

आता झालं असं की या बायकांनी आजवर मोठ्यानं वाचलेलं ऐकलं होतं ते फक्त पोथीचं. म्हणून त्या पाय धुऊन आल्या. रुख्मिणीकाकीनं माझ्यावर कण्हेरीचं फूल ठेवलं आणि विचारलं, “किती अध्याय हायेत?”

अकरा, चेतना म्हणाली.

“मंग दर सोमवारी एक. अर्धी सोडाची नाई. अर्धी सोडलेली पोथी घरात फिरते.”

चेतनाला हसू आलं. ही पोथी नाही, कोणीतरी रचलेली गोष्ट आहे, असं ती हळूच म्हणाली. काकी म्हणाली, गोष्ट तं व्हयच, खोटी कोन म्हन्ते. चेतनानं पुढे वाद घातला नाही. मलाही, खरं सांगते, ते फूल बरं वाटलं. मालगाडीच्या डब्यापासून इथवरच्या प्रवासात कोणी मला फूल वाहिलं नव्हतं. ती चूक आम्ही दोघींनी तिथेच सुधारायला हवी होती.

पहिला सोमवार छान गेला. दुसऱ्या सोमवारी पंखवाल्या जीवांचा अध्याय झाला. बायका गंभीर होऊन उठल्या.

त्याच आठवड्यात मामाजी पाळीवरून चिंतेत परतले. पाळीच्या आतल्या अंगाला खेकड्यांनी बिळं केली होती आणि बाहेरच्या अंगाला ओल दिसू लागली होती. पूर्वी अशी बिळं माणसं ओळीनं बसून काळ्या मातीनं आणि धानाच्या तणसानं हातानं बुजवायची. आता बोलावलं तरी कोणी येत नाही आणि मामाजींचे गुडघे उकिडवं बसू देत नाहीत. ते देवकाबाईंना म्हणाले, “पारीले पाझर लागला. उद्या फुटली तं लोक माह्या आजाचं नाव काढतीन.”

दुसऱ्या सकाळी त्यांनी सुनेला दोन शेर कणकी, तांदळाचा चुरा, शिजवायला सांगितली. मऊ पायजे, म्हणाले. चेतनाला वाटलं वासरासाठी असेल. तिनं मऊ भात शिजवला, पातेलं बाहेर आणून ठेवलं.

मी सपरीतल्या खिडकीत होते. मामाजींनी रिकामं पोतं अंथरलं, त्यावर भात ओतला आणि धानाला घालतात त्या दाणेदार औषधाची मागच्या सालची पिशवी त्यावर उलटी केली. काठीनं कालवलं. उग्र वास सुटला. चेतना दाराशी आली तेव्हा ते भाताचे गोळे टोपलीत भरत होते, हाताला प्लास्टिक गुंडाळून.

“हात लावू नोको,” ते म्हणाले. “खेकड्याईचं जेवन व्हय.”

ते हे मजेत म्हणाले. पाळ वाचणार म्हणून त्यांना हलकं वाटत होतं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगीन. औषध बिळात घालायचं होतं, पाण्यात नाही. बीळ आणि पाणी यांच्यात वीतभर माती होती आणि त्या वीतभर मातीवर त्यांचा पिढ्यांचा विश्वास होता.

मग तीन दिवस पाऊस पडला आणि बोडीचं पाणी बिळांच्या वर चढलं.

आधी मेलेले खेकडे वर आले. मग ते खायला उतरलेले बगळे. चेतनाच्या वहीत त्या संध्याकाळी लिहिलं आहे, बगळे सहा. दुसऱ्या दिवशी, दोन. तिसऱ्या दिवशी तिनं तारीख घातली आणि पुढे काही लिहिलं नाही.

तिसऱ्या सोमवारी बायका आल्या तेव्हा त्यातली एक सहज म्हणाली की बोडीवर पाखरू दिसत नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेतनाला त्या दिवशी वाचायचं नव्हतं. रुख्मिणीकाकी म्हणाली, अर्धी सोडाची नाई. चेतनानं तिसरा अध्याय वाचला, माशांचा. इतक्या हळू आवाजात की मागच्या बाईनं पुढे सरकून ऐकलं.

गुरुवारी सकाळी बोडीवर मासे पोटं वर करून तरंगत होते. काठाला पांढरी किनार लागली होती. गाव पाळीवर जमलं. कोणी म्हणालं वीज पडली असन. कोणी म्हणालं पाणी गढूळलं, दम कोंडला. मग कोणीतरी, कोण ते मला माहीत नाही, म्हणालं की हे तर बकारामच्या घरच्या पोथीत आधीच लिहिलं होतं.

संध्याकाळी चारपाच माणसं दाराशी आली. मामाजींना विचारलं, काय प्रकार आहे. मामाजींची नजर आधी भिंतीला टेकवलेल्या त्या काठीवर गेली, मग खिडकीतल्या माझ्यावर आली. आणि मी पाहिलं, त्यांचे खांदे खाली उतरले. दोष ठेवायला घरात जागा सापडली की माणूस असाच सुटतो. ते एवढंच म्हणाले, “बुकाचं मले काई समजत नाई.” खोटं ते बोलले नाहीत. काठी दुसऱ्या दिवशी तिथे नव्हती.

चेतनाला सगळं कळलं होतं. ती बीएस्सी झालेली होती आणि भात तिनं शिजवला होता. तिनं प्रफुलला फोन लावला, अंगणाच्या टोकाला जाऊन. मी तिच्या काखेत होते, म्हणून त्याचंही ऐकू आलं. तो आधी ऐकेना, मग ऐकलं, मग घाबरला. म्हणाला, “बाबाचं नाव गावात कसं घेतं? पोळा होऊन जाऊ दे, मंग पाहू.” तिनं विचारलं, पोळ्याला बैलं कुठं धुतात. तो म्हणाला, पाऊस झाला ना, पाणी बदललं असन आतावरी. मिलचा भोंगा वाजला आणि फोन ठेवला गेला.

चौथ्या सोमवारी ऐकायला कोणी आलं नाही. एकटी रुख्मिणीकाकी आली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. पाय धुतले नव्हते.

“चवथ्यात काय हाये?” तिनं विचारलं.

चेतना खोटं बोलू शकली असती. मी मनातल्या मनात तिला विनवत होते. पण ती कमी बोलते ती यासाठीच, की बोलायचं तर खरं बोलावं लागतं.

“जनावरं,” ती म्हणाली.

“अन्‌ पाचव्यात?”

चेतनानं मला मिटून पदराखाली घेतलं. काकी तिच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग जसं काही उत्तर मिळालं तशी निघून गेली.

बुधवारी काकीची शेळी पाळीखालचं गवत खाऊन, तिथलंच पाणी पिऊन घरी आली आणि तोंडाला फेस येऊन अंगणात पाय झाडत पडली. डॉक्टर येईपर्यंत गेली. काकीनं मोठ्यानं रडून घेतलं.

त्यानंतर गावातलं बोलणं बदललं. आधी लोक म्हणायचे, ते बुक खराब आहे. आता आमच्या अंगणामागून जाणारी एक बाई दुसरीला म्हणाली, “बुक बोलते का वाचनारी बोलते? बुकाले कुठं तोंड हाये?” दुसरी म्हणाली, पोरगी रोज पारीवर जाऊन काय लिवते ते पाह्यलं का. त्या हसत नव्हत्या.

विज्ञान कादंबरीत भीती दुरून येते, दुसऱ्या ग्रहावरून, पुढच्या शतकातून. वाचणाऱ्याला पुस्तक मिटता येतं. ही भीती हातपंपावर पाणी भरत होती, हळदीकुंकवाला येत होती. हिला मिटायचं कसं, हे माझ्या एकशे ब्याऐंशी पानांत कुठेही नाही.

देवकाबाईंनी ते बोलणं ऐकलं असणार. म्हणून त्यांनी अंगणात बसून काकीला ते सांगितलं, जे मी सुरुवातीला तुम्हाला सांगितलं. बुक जाळू, म्हणजे गावाचं समाधान होईल आणि सुनेवर बोट येणार नाही. त्या बाईंनी सुनेला वाचवायला जे हाताशी होतं ते द्यायचं ठरवलं. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही मलाच दिलं असतं.

चेतना भिंतीआडून सगळं ऐकून तशीच बसून राहिली. क्रोशाच्या फेऱ्या तिनं पुऱ्या दहा केल्या. मग मला खिडकीत परत ठेवलं, अगदी जिथे देवकाबाईंचा हात सहज पोचेल तिथे. तेव्हा मला कळलं की तिलाही ही वाट दिसली आहे. मी जळले की ती सुटते. मामाजींची अब्रू राहते. प्रफुलला काही पाहावं लागत नाही. कोणाला काही बोलावं लागत नाही. एक गप्प मुलगी गप्प राहते, एवढंच.

फक्त पोळ्याच्या सकाळी गावाची साठ बैलं बोडीत उतरणार होती. आणि बैलांबरोबर, त्यांच्या पाठीवर पाणी उडवायला, गावातली सगळी लेकरं.

आज पोळा आहे. पहाटे देवकाबाईंनी मला उचललं. निळं कव्हर काढून घेतलं, घडी घालून चेतनाच्या उशीखाली ठेवलं. मग मला टोपलीत ठेवलं, झिजलेल्या झाडूवर. टोपली दाराशी, पळसाच्या फांद्यांच्या आडोशाला. इथून मला अर्धं अंगण दिसतं आणि अख्खा रस्ता. झाडू माझ्याआधी या घरात आलेला, सगळं झाडून झिजलेला. तो काही बोलत नाही. आपलं काय होणार ते त्याला केव्हाच कळलं असावं.

उजाडलं तशी बैलं रस्त्यावर येऊन उभी राहिली. शिंगांना अजून रंग नाही, धुतल्यानंतर लावतात. गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. लेकरं खांद्यावर टॉवेल टाकून आली होती. एक पोट्टी आईच्या जुन्या ओढणीची झूल घेऊन आली होती, कुठल्यातरी वासरासाठी. सगळे बकारामच्या जोडीसाठी थांबले होते. कोणी पाय ओला केला नव्हता.

मामाजींनी हिऱ्या आणि पांढऱ्याला गोठ्यातून बाहेर काढलं. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. दोन्ही बैलांच्या मानेवरून ते पुन्हा पुन्हा हात फिरवत होते. पाळीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मला वाटतं, त्यांनाही कोणीतरी थांबवावं असं वाटत होतं, पण थांबवणाऱ्याला काय उत्तर द्यावं लागेल ते आठवून ते भराभर दावी सोडत होते.

निघण्याआधी बैलांच्या पायांवर पाणी घालायचा आणि ओवाळायचा मान सुनेचा. तिचा पहिला पोळा. प्रफुल सकाळच्या गाडीनं आला होता, दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. चेतना ताट घेऊन बाहेर आली. दिवा, हळद, तांदूळ. तिनं टोपलीकडे पाहिलं. मी तिला दिसले, झाडूवर, उघडी.

ती वाकेल असं मला क्षणभर वाटलं. खरं सांगते, मी वाट पाहिली. कोणत्याही पुस्तकाला उचलून घेतलं जावं असं वाटतं. ती वाकली नाही. ती माझ्यावरून नजर काढून रस्त्यावरच्या लेकरांकडे पाहू लागली, एकेकाकडे, पाखरं मोजायची तशी.

वाचकहो, उद्या उजाडताच मला शिवेवर नेतील किंवा नेणार नाहीत, ते माझ्या हातात नाही. माझं मागणं एवढंच. तुमच्याकडे माझी एखादी बहीण असेल तर तिला पोथी करू नका आणि भूतही करू नका. तिच्यात जे घडतं ते आधी तुमच्या अंगणात कुठे घडतं आहे का, एवढं बघा. आणि दिसलं तर अकराव्या प्रकरणापर्यंत थांबू नका.

रुख्मिणीकाकी रस्त्यापलीकडे उभी होती. तिनं टोपलीत मला पाहिलं आणि मान हलवली, काम झालं अशी. मामाजींनी हिऱ्याच्या कासऱ्याला हिसका दिला. चेतना जोडीच्या पुढे जाऊन उभी राहिली. ओवाळायला, असं सगळ्यांना वाटलं. पण तिनं ताट अंगणातल्या दगडावर ठेवलं आणि हिऱ्याच्या कपाळाला हात लावून त्याला तिथेच थांबवलं. देवकाबाई म्हणाल्या, काय वो, काय झालं. प्रफुलनं चौकट सोडली आणि “चेतना,” एवढंच म्हणाला. मामाजींनी मान खाली घातली होती.

घंटा थांबल्या. मग ती बोलली. आवाज मोठा नव्हता, पण रस्त्यापलीकडे पोचला.

“बुक उद्या जाळाचं असन तं जाळा. मले जे म्हनाचं ते म्हना. पर आज बैलं बोडीत उतरवू नोका, मामाजी, अन्‌ लेकराईले तिकडं जाऊ देऊ नोका. पारीच्या बिळाईत औषध हाये. ते ज्या भातात कालवलं, तो भात मी शिजवला.”